दोन सीडींत न मावलेली पंगत

पद्मा अजून दर वर्षी चेन्नईहून मला ते रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर पाठवते. मला तमिळ धड वाचता येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी पाठवते. मे महिना सुरू झाला की त्यातल्या एका पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ येते आणि ती मात्र मी अक्षरांच्या वळणावरून ओळखतो. अग्नी नक्षत्र आरंभ. बोलताना तिकडे त्याला कत्तिरी म्हणतात. वर्षातल्या सगळ्यांत कडक उन्हाचा तो तुकडा. त्याला पंचांगात सुरुवात आहे आणि शेवटही आहे, त्यामुळे लोक तो पाहुण्यासारखा सोसतात. आला, बसला, जाईल. सांगलीचा उन्हाळाही काही कमी नाही, पण त्याला अशी हद्द आखून दिलेली नाही.

ते पान आलं की मी एक-दोन दिवस फाडत नाही. बायको विचारते, कॅलेंडर मागे कसं पडलं? मी म्हणतो, राहिलं. मला असंच बोलायची सवय आहे. राहिलं, बघू, मिळालं नाही. आयुष्यभर एवढ्या शब्दांत भागवलं. त्यांतला ‘मिळालं नाही’ हा शब्द मी एका कत्तिरीत सोनाक्कांना सांगितला, आणि तो खोटा होता. त्यांना एक सिनेमा पाहायचा होता. तो माझ्या खोलीत, ट्रंकेत, शर्टांच्या खाली होता. सोनाक्का आता नाहीत. त्यांच्या मुलीशिवाय, म्हणजे पद्माशिवाय, हे कुणाला ठाऊक नाही. आता लिहून टाकतो.

या शतकाची पहिली काही वर्षं सरली होती. माझी बदली चेन्नईला झाली. अड्यारला केंद्र सरकारचं ऑफिस, आणि राहायला वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावरचा पोर्शन. घराचा भाड्याने दिलेला भाग, त्याला तिकडे पोर्शन म्हणतात. मुलाची शाळा सांगलीला, म्हणून बायको तिकडेच. घरमालकीण सोनाक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे तिकडे गेले, ते तिथलेच झाले आणि जाताना नेलेली मराठी मात्र जपून वापरत राहिले. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “वर उष्ण फार होईल. तुम्हांस सोसेल तर राहा. न सोसलें तर मागाहून मजला दोष देऊं नका.” बखरीतलं कुणीतरी उठून बोलतंय असं मला वाटलं आणि मी हसलो. त्यांनी ते पाहिलं. माझं आडनाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी सांगलीचा म्हणून मला सांगलीराव म्हणायला लागल्या, आणि तो टोमणा आहे की लाड, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं वेड तेव्हा ऐन भरात होतं. मला न चाललेले सिनेमे आवडतात. गाजलेल्या सिनेमांशी माझं भांडण नाही, पण त्यांच्याबद्दल बोलायला खूप लोक आहेत. आठवड्यात उतरलेला सिनेमा, एकच सिनेमा काढून नाहीसा झालेला दिग्दर्शक, सगळा पडेल असूनही मध्येच एखादा असा प्रसंग की श्वास अडकावा, हे माझं. भाषा कुठलीही चालते. तमिळ कळत नव्हतं तरी मी तमिळ सिनेमे बघायचो. कुणी काय म्हणालं ते सुटायचं, पण कुणी कुणाकडे का पाहिलं ते सुटायचं नाही. तेव्हा मी असं छातीठोकपणे म्हणायचो.

आणि तो काळ व्हीसीडीचा होता. चांगले सिनेमे विकून झाल्यावर कंपन्यांनी गोदामांतले उरलेसुरले बाहेर काढायला सुरुवात केली, आणि माझे दिवस आले. शनिवारी सकाळी मी रेल्वेचा पूल ओलांडून टी. नगरात जायचो. साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायकांच्या लोंढ्यातून अंग चोरत एका गल्लीत शिरायचो. तिथे स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली एका भाईंचं सीडीचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच. भाई माझ्याशी हिंदीत बोलायचे, ते त्यांच्या तमिळइतकंच भरधाव. मी गेलो की म्हणायचे, सार आले, आता जे कुणी घेत नाही ते काढतो. पातळ प्लास्टिकच्या वेष्टनात दोन सीडी, वरच्या कागदावर भलत्याच सिनेमातल्या नायिकेचा फोटो, मागे मजकूर छापताना कथा अर्ध्यात संपलेली. मी त्या वेष्टनांचा वास घ्यायचो. हसू नका, जुन्या पुस्तकांचा वास घेणारे चालतात तर हेही चालावं.

सीडी घरी आणून बनियनच्या मऊ तुकड्याने मधून कडेकडे पुसायची. प्लेअरचा ट्रे जिभेसारखा बाहेर यायचा. आधी कंपनीची जाहिरात, मग सिनेमाभर पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह चिकटलेलं. ऐन प्रसंगात चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज उचकी लागल्यासारखा अडकायचा. आणि पहिली सीडी कुठे संपावी याला काही धरबंद नव्हता. नायक “मला तुला एक गोष्ट” एवढं म्हणायचा आणि पडदा निळा. मग उठून दुसरी घालायची. ती मधली निळी शांतता मला फार आवडायची. गच्चीवरून ऊन आत सांडलेलं असायचं, वर पंखा गरम हवाच ढवळत असायचा, खाली रस्त्यावर पाण्याच्या लॉरीभोवती बायकांचे प्लास्टिकचे घडे एकमेकांवर आपटत असायचे. त्या वर्षी पाण्याचे फार हाल होते. मी मात्र निळ्या पडद्यासमोर बसून नायकाला काय सांगायचं असेल याचा विचार करायचो.

माझ्या खोलीच्या दारासमोरच गच्ची. कत्तिरीत सोनाक्का तिथे वडाम घालायच्या. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांचे चुलतभाऊ. जुन्या धोतरावर पांढऱ्या चकत्यांच्या रांगा. पद्मा श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्याच्या ऑफिसात होती, कंपनीची बस तिला उजाडायच्या आत घेऊन जायची, शनिवारीसुद्धा. म्हणून कावळे हाकायचं काम माझ्याकडे आलं. मी सिनेमा बघता बघता हातातली काठी दाराबाहेर आपटायचो. अक्का जिना चढून आल्या की माझ्या उंबऱ्यावर बसायच्या, अर्ध्या सावलीत, हातात पितळी लोट्यात ताक. ते ताक माझ्यासाठी आणलेलं असायचं, पण मला द्यायला त्या कधी कधी विसरायच्या, कारण नजर पडद्यावर गेलेली असायची.

त्यांचं सिनेमा पाहणं मात्र विचित्र होतं. नायक-नायिकेत त्यांना रस नव्हता. जुना काळा-पांढरा सिनेमा असला आणि त्यात बाजार, देऊळ, जत्रा असं काही आलं की त्या पुढे सरकायच्या आणि गर्दीत बघायच्या. प्रसंग संपला की परत मागे. एकदा मी विचारलं, काय शोधता? म्हणाल्या, “कांहीं नाहीं. माणसें पाहते.”

मग एका दुपारी एका सिनेमात लग्न लागलं आणि अक्का सहज म्हणाल्या, “मी देखील एका पडमांत आहे.”

पडम म्हणजे सिनेमा. मी काठी खाली ठेवली. सिनेमा थांबवला. माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य म्हणजे काय, ते सांगता येणार नाही. मी त्यांना बोलतं केलं. त्या सांगायला तयार नव्हत्या, मी खोदून खोदून काढलं. त्या लग्नाच्या व्हायच्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गल्लीत स्टुडिओतला एक मॅनेजर राहायचा. सिनेमात लग्नाची पंगत हवी होती, आणि दिग्दर्शकाला पानावर कसं बसायचं हे शिकवावं लागणार नाही अशी माणसं हवी होती. मॅनेजरने गल्लीतल्या मराठी घरांत निरोप दिले. बायका आपापली नऊवारी नेसून, आपापले खरे दागिने घालून कोडंबाक्कमला गेल्या. स्टुडिओचा कपड्यांचा खर्चही वाचला. दिव्यांखाली दिवसभर तीच पंगत पुनःपुन्हा बसली. भात गार झाला, अप्पळम म्हणजे पापड ते पार सादळले, आणि पायसम इतक्यांदा वाढलं की शेजारची मुलगी कॅमेऱ्यासमोरच नको म्हणाली. अक्का वाढणाऱ्याकडे मान वर करून हसतात, एवढं एक त्यांचं एकटीचं चित्र घेतलं होतं. सिनेमा पडला. तो लागला तेव्हा यांचं लग्न ठरत होतं, मुलीने पडद्यावर हसणं सासरी कळायला नको म्हणून कुणी पाहायलाही गेलं नाही. पुढे पाहायचं म्हटलं तर सिनेमा कुठे उरला नव्हता.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कुणी ओळखणार नाही.

“तें मिळेल का हो?” अक्कांनी विचारलं. एवढंच विचारलं. मी जे बोलत सुटलो ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणालो, मिळणारच, हल्ली सगळं निघतंय, कालच अमुक निघाला, परवा तमुक, आणि मी शोधायला लागलो की मिळतंच. तुम्हाला तुम्ही दाखवतो, अक्का. तुम्ही तरुणपणी हसताना कशा दिसत होता ते इथे, या उंबऱ्यावर बसून बघा. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि ताकाचा लोटा मला दिला.

मी खरंच शोधलं. भर कत्तिरीत टी. नगर पालथं घातलं, सेंट्रल स्टेशनमागच्या जुन्या बाजारात धुळीने खोकेपर्यंत खोकी उपसली. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटायचा तेव्हा मी घामाने थबथबलेला जिना चढायचो आणि खालून प्रश्न यायचा, “सांगलीराव, मिळालें?” मी वरून म्हणायचो, अजून नाही. तेव्हा ते खरं होतं. आम्हा दोघांना त्या प्रश्नाची आणि उत्तराची गंमत वाटायला लागली होती. पद्मा म्हणायची, अण्णा, आमच्या अम्माला तुम्ही हिरॉइन करणार, मग ती वडाम घालायची नाही.

एका शनिवारी भाईंनी न बोलता एक वेष्टन पुढे सरकवलं.

मी ते छातीशी धरून आणलं. अक्का देवळात गेल्या होत्या. आधी आपण पाहू, पंगत कुठल्या सीडीत येते ते बघून ठेवू, म्हणजे त्यांना थेट तिथून दाखवता येईल, असं मी मनाशी म्हणालो. खरं तर मला तो एकट्याला, आधी पाहायचा होता. दार लावून घेतलं. आणि सिनेमा चांगला निघाला. फार चांगला निघाला. मी पंगतीची वाट पाहतोय हेच मधूनमधून विसरत होतो. मग लग्न आलं. मांडव, वाजंत्री, मंगळसूत्राला हात लागला, आणि एकदम नवरी सासरच्या विहिरीवर पाणी काढत होती.

मला वाटलं सीडी उडाली. पुन्हा लावलं. पुन्हा विहीर. सीडी काढून पुसली, उजेडात धरली, एक चरा नव्हता. मांडव, वाजंत्री, विहीर. त्याच पावली भाईंकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, सार, पडम लांब आहे, तीन सीडी केल्या तर कोण घेणार? दोनांत बसवायचं तर काहीतरी कापतात. गाणं कापलं तर लोक सीडी परत आणतात. जेवायला बसलेली माणसं कापली तर कोण आणतो?

घरी आलो तेव्हा अक्का दारातच होत्या. त्यांच्या अंबाड्यात मोगरा होता, कपाळावर देवळातली विभूती. “मिळालें?” म्हणाल्या.

“नाही मिळालं,” मी म्हणालो.

दया म्हणून म्हणालो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्यात दया होतीही. एवढं आयुष्य वाट पाहिलेल्या बाईला तिच्या जागी विहीर कशी दाखवायची? पण खरं सांगायचं तर दुसरंही होतं. मी एवढी फुशारकी मारली होती; शोधून आणलं आणि त्यात तुम्हीच नाही, हे म्हणण्यापेक्षा सापडलंच नाही हे म्हणणं माझ्या मानाला सोपं होतं. आणि तिसरं, जे लिहायला सगळ्यांत जड जातंय. तो सिनेमा मला आवडला होता. तो मी ट्रंकेत ठेवला, नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. दार लावून, आवाज कमी करून. ऑफिसातल्या सिनेमावेड्या मित्रांना त्याच्याबद्दल भरभरून सांगितलं, आणि ज्यांना तो हवा होता त्या खाली कुरकुरीत झालेले वडाम डब्यात भरत होत्या.

त्या पुढेही विचारत राहिल्या. माझ्या ‘अजून नाही’चा सूर बदलला असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. भरपाई म्हणून मी त्यांच्यासाठी देवादिकांचे सिनेमे आणले. त्यांनी ते सभ्यपणे पाहिले. मग एके दिवशी मी टोपी घालून निघालो होतो, दुसऱ्याच कामाला, तर म्हणाल्या, “राहूं द्या तें पडम. माझ्यासाठीं उन्हांत हिंडूं नका. परमुलखांत आजारी पडाल तर तुमच्या बायकोस मी काय सांगूं?” त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कत्तिरी संपली. त्या दिवशी संध्याकाळी, पंचांग पाळायचंच म्हणून की काय, चार थेंब पडले.

माझी बदली नागपूरला झाली. ट्रंक माझ्याबरोबर गेली. पुढे ते दशक सरत आलं असताना पुन्हा चेन्नई मिळाली, या वेळी अड्यारलाच क्वार्टर. भाईंचं कपाट मोबाइलच्या कव्हरांनी भरलं होतं. डीव्हीडी आल्या होत्या, त्यांत सिनेमे न कापता मावत होते, पण मला हवे होते ते कुणी त्यांच्यावर घातलेच नाहीत. वेस्ट मांबलमला जायला मी बरेच दिवस लावले. गेलो तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या आणि माझा आवाज ऐकून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं, त्यांना माझं खोटं कळलं. तर पद्मा हळूच म्हणाली, अम्माच्या नजरेच्या मधोमध डाग बसलाय अण्णा, समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. तुम्हाला बघायचंय म्हणून ती तिकडे बघतेय.

“वाळलांत, सांगलीराव,” तुळशीकडे पाहत अक्का मला म्हणाल्या.

त्या वर्षी पुन्हा मे आला आणि त्यांनी मला एका दुपारी जेवायला बोलावलं. त्यांच्या आईची तिथी होती. भाऊ नाही, आणि मुलीने श्राद्ध करायची त्यांच्यात रीत नव्हती, म्हणून त्या दिवशी कुणातरी मराठी माणसाला बोलावून जेवू घालायचं, एवढं त्या पाळत आल्या होत्या. केळीच्या पानावर पद्माने आंबट भाजी वाढली. समोर भिंतीवर अक्कांच्या वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. ते अक्का लहान असतानाच गेले, हे मला आधीपासून माहीत होतं. शेजारी नुसतीच पणती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आईंचा फोटो नाही लावला?

पद्मा म्हणाली, “आजीचा फोटोच नाही, अण्णा.”

मग अक्कांनी सांगितलं. वडील गेले आणि आईने त्या काळच्या रीतीप्रमाणे केस उतरवले, लाल आलवण नेसली. अशा बाईला फोटोच्या दुकानात कोण नेणार? घरी कुणी कॅमेरा आणला तर ती आपणहून आत जायची. “तिचें चित्र एकदांच निघालें,” अक्का म्हणाल्या. “त्या पडमांत.”

“पंगतीत?” मी विचारलं.

“लग्नाच्या पंगतीत तिला कोण बसवील, सांगलीराव?” अक्कांनी मान दाराबाहेरच्या तुळशीकडे, म्हणजे माझ्याकडे वळवली. “लग्न खोटें होतें म्हणून काय झालें. मॅनेजरानें नको म्हणायच्या अगोदर ती आपणच उठली. मुलीस एकटी कशी पाठवूं म्हणून सोबत आलेली, बाहेर पायरीवर बसून राहिली. तेथें डायरेक्टरानें पाहिली. दुसरे दिवशीं गाडी पाठवून नेली आणि देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसविली. हीरो वरून चालत जातो आणि ती एका बाजूस बसलेली, एवढेंच. तें पाहावयाचें होतें मला. माझें थोबाड काय, तें मी आरशांत पाहतच होतें.”

मी देशस्थाच्या घरातला. माझ्या आजोळी आईची अशी एक आत्या होती, तिच्या सावलीलाही लग्नघरात जागा नव्हती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ‘पंगतीत?’ असं विचारताना मी अक्कांच्या आईला मनाने पंगतीत बसवून, पंगतीबरोबर कापून टाकलं होतं. त्या उन्हाळ्यात तर सिनेमात आई असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. म्हातारीला तरुणपणचा आपला चेहरा पाहायचाय, एवढीच गोष्ट मी रचली होती आणि तिच्यावर माया करत बसलो होतो.

तळ्याच्या पायऱ्या मात्र सीडीत होत्या. पहिल्याच सीडीत. मी त्या कितीदा पाहिल्या होत्या. नायकावर प्रकाश कसा सरकतो म्हणून मित्रांना त्यांचं कौतुकही सांगितलं होतं.

पान पुढे होतं. मी हात धुतले नव्हते, तसाच म्हणालो, “अक्का, तो सिनेमा मला मिळाला होता. त्याच उन्हाळ्यात.”

पद्मा वाढता वाढता थांबली. मी सगळं सांगितलं. विहीर, भाई, ट्रंक, दार लावून पाहणं. आयुष्यात एका दमात एवढं मी कधी बोललो नव्हतो. अक्का ऐकत होत्या की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, कारण तो माझ्याकडे नव्हता.

“कंपनीनें माझा तुकडा कापला,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळेंच कापलेंत.”

बाहेर आइसफ्रूटवाला घंटा वाजवत गेला. मग अक्का पद्माला म्हणाल्या, त्यांस ताक वाढ. आणि मला, “आहे का तें अजून?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अड्यारहून बसने ती दोन सीडींची पिशवी मांडीवर धरून मी आलो. बसच्या पत्र्याला हात लावणं शक्य नव्हतं. सीडी उन्हाने वाकेल की काय, एवढा एकच विचार. पद्माने खिडकीचे पडदे ओढले. अक्कांची खुर्ची टीव्हीसमोर ठेवली तर त्या म्हणाल्या, अशी नको, आणि खिडकीकडे तोंड करून, टीव्हीला खांदा देऊन बसल्या. टीव्हीकडे पाठ फिरवावी तशा. मधल्या वर्षांचा परिणाम सीडीवरही झाला होता. प्लेअर घरघरला, दोनदा नकार दिला, मग लागली.

मी पायऱ्यांपर्यंत पुढे नेली. “आली,” म्हणालो. “डाव्या कडेला.”

अक्कांनी मान आणखी खिडकीकडे नेली. “कांहीं तरी आहे. लाल आहे ना?”

“चित्र काळं-पांढरं आहे, अक्का.”

“हो कीं.” मग, “चेहरा दिसतो?”

पद्माने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे सांगत होते, हो म्हणा. हो म्हणणं किती सोपं होतं. शांत आहे, तुमच्यासारखा आहे, असं दोन वाक्यांत भागलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं.

“नाही दिसत,” मी म्हणालो. “तिथे चित्राचे चौकोन झालेत. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळत नाही.”

“मग काय दिसतें?”

“हात दिसतात. मांडीवर कापूस आहे. वाती वळतायत.”

अक्कांनी आपले हात मांडीवर घेतले. नायक वरून निघून गेला, प्रसंग संपला. मी न विचारता पुन्हा मागे नेला. पुन्हा पायऱ्या, पुन्हा डावी कड.

“भराभर वळते कीं सावकाश?” अक्कांनी विचारलं.

कुठलं उत्तर त्यांना आवडेल हे मला ठाऊक नव्हतं. मी पडद्याजवळ जाऊन बसलो, अगदी नाक लागेल इतका, आणि पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

“सावकाश,” मी म्हणालो. “एकेक वात वळतायत, उजेडात वर धरून बघतायत, मग खाली ठेवतायत.”

“वर धरते?”

“हो. प्रत्येक.”

अक्का हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. पद्मा घाबरून जवळ गेली.

“आमची आई वाती वळतांना हाताकडे कधीं पाहत नसे,” अक्का म्हणाल्या. “बोलतां बोलतां ढीग घाली. वर धरून कोण पाहतें वात?” त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि खिडकीकडे, म्हणजे टीव्हीकडे, तोंड ठेवूनच म्हणाल्या, “कॅमेरा कोठें आहे तें तिला ठाऊक होतें, पद्मा. ती ॲक्टिंग करत होती.”

मग मला म्हणाल्या, “पुन्हा लावा हो.”